तळघरातला खटका

आदरणीय दाजी,

सेवलिएवोहून तुमच्या एकुलत्या एक मेव्हण्याचा, म्हणजे तिहोमीरचा, लोकरीची टोपी न काढता नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईला सांगा, तिनं पाठवलेले मोजे पोचले आणि यंदा मी ते घरात, अंथरुणात आणि एकदा चर्चमध्येसुद्धा एकावर एक चढवून वापरले.

कारण ऐका. आमचा लाकडावरचा बॉयलर तळघरात असतो आणि त्याचं गरम पाणी वरच्या खोल्यांतल्या रेडिएटरांत पंप चढवतो, हे तुम्ही पाहिलंय. यंदा पंप सुरू झाला की घराच्या विजेचा मुख्य खटका पडायला लागला. खाली जाळ, वर अंधार आणि गारठा. बरं, रोज पडेल तर शपथ! दोन-तीन दिवस घर मस्त गरम, मग पुन्हा खट्. मी आधी इस्क्राच्या इस्त्रीवर आळ घेतला, मग ओव्हनवर, मग उंदरांवर. (इस्क्रा चार दिवस नवऱ्याशी बोलली नाही. उंदीर तेवढे मनाला लावून घेत नाहीत.) गेंको वायरमनला बोलावलं, तर तो असेपर्यंत खटका जागचा हलला नाही. त्यानं लोणच्याबरोबर घरच्या राकियाचे दोन पेले रिचवले आणि जाताना म्हणाला, "पंप ठणठणीत आहे रे तिहो. तुझ्याच डोक्याचा खटका पडलाय."

त्यात संत निकोलाचा दिवस तोंडावर आलेला. सासूबाईंचं नाव निकोलिना, म्हणजे तो त्यांच्या नावाचा सण, तेव्हा त्या दिवशी अर्धं गाव न बोलावता आमच्याकडे कार्प मासा खायला येणार. सासूबाईंनी सांगून टाकलं, "घर असंच गार राहिलं तर मी पंगत ल्युबेनकडे हलवते." ल्युबेन म्हणजे धाकटा जावई. तो लगेच जादा खुर्च्या गोळा करायला लागल्याचं कानावर आलं. दाजी, थोरल्या जावयाचं नाक कापलं जायची वेळ होती, आणि मला ते फार लागलं.

शेवटी एका दुपारी मी तळघरात लाकडांच्या ढिगामागे दबा धरून बसलो. सासूबाई आल्या त्या खारात मुरणाऱ्या कोबीच्या पिंपापाशी. (हे पिंप वर्षानुवर्षं खिडकीखालच्या कोपऱ्यात असायचं. यंदा तिथे मी माझे राकियाचे बुधले मांडले. त्यांनी एकदा कोपरा मागितला, मी ऐकलं न ऐकलं केलं, आणि त्या पिंप पंपाशेजारी लावून मोकळ्या झाल्या.) कोबी नासू नये म्हणून दर दोन-तीन दिवसांनी खालच्या तोटीनं खारं पाणी काढून पुन्हा वरून ओततात, तसं त्यांनी ओतलं. त्यातलं थोडं काठावरून निसटलं ते थेट पंपाच्या वायरी जोडलेल्या डबीत. पंप सुरू झाला आणि खट्! दुसऱ्या दिवसापर्यंत बॉयलरच्या उबेनं डबी वाळणार, आणि गेंको मला वेड्यात काढणार. आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पण त्यांच्या पिंपाला नावं ठेवणाऱ्याला या घरात कोबीच्या पानांत सारण गुंडाळलेली सारमी मिळत नाही. म्हणून मी मोठ्या हुशारीनं म्हटलं, "गेंको म्हणतो, बुधल्यांमुळे कोपऱ्यातली हवा कोंडते." त्या म्हणाल्या, "असं म्हणतो होय? मग हलवायलाच हवेत." पिंप कोपऱ्यात गेलं, डबी वाळली, पंगत आमच्याकडेच झाली आणि ल्युबेनला जेवता जेवता कोट काढावा लागला. म्हाताऱ्या माणसाला न दुखावता काम कसं काढावं, हे तुम्ही माझ्याकडून शिकून घ्या.

तुमचाच,
तिहोमीर

ता. क. बुधले रूसेला येणाऱ्या बसनं तुमच्याकडे पाठवलेत. तेवढे सांभाळा. चाखायला हरकत नाही, पण ताईला मोजायला लावू नका.

ता. क. आणखी एक. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. कप काठोकाठ भरलेला, पण बशीत थेंब नाही. मी सहज विचारलं, "मग तळघरातच तुमचा हात कसा हलतो?" म्हणाल्या, "हलतो कुठे? त्या डबीची फट केवढीशी. नेम धरून धरून खांदा भरून आला माझा."

ता. क. शेवटचं. आज सकाळपासून घरातला एकच रेडिएटर गार आहे, माझ्या खोलीतला. कालच सासूबाई दारात उभ्या राहून म्हणत होत्या, या खोलीत ऊन छान येतं, मिरचीची रोपं जोमानं वाढतील. दाजी, बुधल्यांशेजारी एक खाट मावेल का?