थंड कोपऱ्याचे आकडे

९ जानेवारी
एकोणीस! चष्मा पुसून पुन्हा ओढ्यात बुडवला थर्मामीटर. एकोणीसच.

डुगल्डच्या वहीत गेल्या वर्षी याच तारखेला, इथल्या भर उन्हाळ्यात, दुपारी तीनला, चौदा. त्याच्या आदल्या वर्षीही चौदा. एकतीस वर्षांत पंधराच्या वर फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा त्याने पुढे उद्गारचिन्ह काढलंय. मी काय काढू?

"मॉइरा, वहीत खंड पडू देऊ नकोस." ऑगस्टमध्ये, इस्पितळात. नवऱ्याचं शेवटचं धड बोलणं, तेही ओढ्याबद्दल! वीस वर्षं "त्या वहीलाच सांग जेवायला वाढायला" म्हणत आले, आणि त्या दिवशी मुकाट्याने हो म्हणाले.

वरच्या पुलावरून शेजारचा क्लेम ओरडला, "एकवीस!" तो आणि डुगल्ड रोज तीनला असे एकमेकांना आकडे ओरडून सांगायचे. घरात फोन असताना. क्लेम अजून ओरडतो. मी उत्तर देत नाही.

१२ जानेवारी
वीस.

उन्हाळ्यात अख्ख्या ओढ्यातले ट्राउट मासे खाली आमच्या वळणावर येतात, थंड कोपऱ्यात. वर क्लेमकडे पाणी तापतं, इथे गार असतं. एकाला एक लागून उभे राहतात, प्रवाहाकडे तोंड करून. गेल्या वर्षी आम्ही चाळीस मोजले होते. आज अकरा. तोंडं उघडी, धापा टाकतायत. फाटक्या शेपटीची म्हातारी आहे अजून. डुगल्ड तिला सासूबाई म्हणायचा. माझ्या आईच्या देखत!

१३ जानेवारी
कुणी केलं ते कळलं. क्लेम! गेल्या हिवाळ्यात, जुलैत, त्याने आपल्या काठची सगळी विलोची झाडं तोडली. विलो परका, तण आहे, सगळीकडेच काढतायत, ठाऊक आहे मला. पण सावली गेली त्याचं काय? पाणी दिवसभर उन्हात भाजत खाली येतंय.

कुंपणापाशी गाठून विचारलं. म्हणाला, "एखादा अंश वाढला असेल, नाही म्हणत नाही. पण माझ्याकडे जानेवारीत वीस-एकवीस असतंच की. डुगल्डला विचार." मग जीभ चावली.

एक अंश म्हणे. माझ्याकडे सहा वाढलेत. खोटारडा.

१७ जानेवारी
एकवीस.

रासबेऱ्या मात्र झकास. बोअर आहे म्हणून. डुगल्डने कधी मारू दिली नाही. "या उतारावर भोक पाडायचं नाही." का? विचारलं की शीळ घालत निघून जायचा. त्या हट्टापायी दोन उन्हाळे पीक वाळून गेलं. तो गेल्यावर ऑक्टोबरात मारून घेतली. आता पंप सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू, आणि सगळ्या दरीत माझ्याच ओळी हिरव्या. बघायला हवा होता तो.

२२ जानेवारी
बावीस. सात मासे. दोन पोट वर करून.

२३ जानेवारी
बर्फ आणला. चौदा पिशव्या. दुकानातली पोरगी म्हणाली, "लग्न आहे वाटतं घरी?" म्हटलं, "हो, सासूबाईंचं."

सगळा कोपऱ्यात ओतला. एकवीस झालं. दहा मिनिटं! मग पुन्हा बावीस, आणि मी गुडघाभर पाण्यात रिकाम्या पिशव्या धरून उभी. ऐल्साचा फोन आला, तिला सांगितलं. "आई, ओढ्यात बर्फ? तू बरी आहेस ना गं?"

नाही. बरी नाहीये मी. वही माझ्या हातात आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात सगळे मरतायत.

२५ जानेवारी
मासेमारी क्लबची सभा झाली. कांदा-सॉसेज खाऊन झाल्यावर मी उभी राहिले. डुगल्डच्या एकतीस वह्या टेबलावर आपटल्या. जानेवारीचे आकडे एकेक करून वाचले. मग म्हटलं, "आणि हे यंदाचे. आपल्या अध्यक्षांनी झाडं पाडल्यानंतरचे."

क्लेम म्हणाला, "माझं पाणी एकवीस आहे, मॉइरा. रोज ओरडून सांगतो तुला."

"ओरडायला काय जातं? आकडा तूच वाचतोस, तूच सांगतोस!"

इथे माणूस करात खोटं बोलेल, बायकोशी बोलेल, पाण्याच्या आकड्यात नाही. तसं कुणी कुणाला म्हणतही नाही. क्लेमने टोपीवरचा क्लबचा बिल्ला काढला. जरा वेळ लागला, बोटं वाकडी झालीत त्याची. बिल्ला सॉसच्या बाटलीशेजारी ठेवला आणि निघून गेला. एकोणीस वर्षं अध्यक्ष होता.

बाकीच्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. खरं लिहायचं तर बरं वाटलं. फार बरं वाटलं.

३० जानेवारी
तेवीस. पुलावरून आवाज नाही. पाच दिवस नाही.

२ फेब्रुवारी
सासूबाई गेल्या.

काठाला लागली होती. उचलली तर कोमट. मासा हाताला कोमट लागतो का कधी? कोपऱ्यात आता एकही नाही. ओंजळीत धरून बसले आणि मोठ्याने रडले. डुगल्डच्या वेळी अशी रडले नव्हते. डुगल्ड, मला नाही जमलं रे. एवढं एकच सांगितलं होतंस.

५ फेब्रुवारी
क्लेम बहिणीकडे गेलाय. तीनला त्याच्या पुलावर गेले, थर्मामीटर घेऊन. दुसऱ्याच्या जागी बुडवायचा नसतो, कुणाच्या ताटात हात घालावा तसं ते. पण मला तो खोटा ठरवायचा होता.

एकवीस.

तीनदा वाचला. एकवीस, एकवीस, एकवीस. खरं बोलत होता तो. रोज!

मग खाली निघाले. पन्नास पावलं, बुडव, वाच. पन्नास पावलं, बुडव. क्लेमची हद्द संपेपर्यंत एकवीस. मग माझी हद्द, माझी झाडं, भरपूर सावली. तरी बावीस. मग नेच्यांखालचा तो खडक आला, जिथून झरा ओढ्यात उतरतो. जमिनीतलं पाणी, बारा महिने गार. त्याच्यामुळे तर कोपरा थंड. डुगल्ड तिथे बिअरच्या बाटल्या ठेवायचा.

शेवाळ तपकिरी. बोटाखाली पापडासारखं मोडलं. खडकाला तळहात लावला. कोरडा. उन्हाने गरम. ओढ्यातूनच रोज येत-जात होते, कोपऱ्यातच बुडवत होते, आणि वीस पावलांवर मान वळवून पाहिलं नाही.

तिथेच बसले. तेव्हा आवाज आला, वरून, उतारावरून. घूं… घूं… तो दिवसभर चालूच असतो. सवयीने ऐकूच येत नव्हता.

माझा पंप.

६ फेब्रुवारी
बंद केला. बाहेर चाळीस अंश. रासबेऱ्यांनी दुपारीच माना टाकल्या. क्लेमच्या दारापर्यंत दोनदा गेले, दोनदा परत आले.

१९ फेब्रुवारी
रासबेऱ्या गेल्या, सगळ्या ओळी. खडकातून करंगळीएवढी धार आलीये. कोपऱ्यात अठरा. मासा एकही नाही.

तीनला क्लेम पुलावर दिसला. पाठमोरा. मी ओरडले, "क्लेम! माझी बोअर होती! तू नाही रे, माझी बोअर!" गळा फाटला. मग आकडाही ओरडले. "अठरा!"

त्याने थर्मामीटर पाण्यात सोडला, वर ओढला, वाचला. मग वरून,

"एकवीस!"