क्यूला पॉलिश

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज कारभारी मिस्त्रीकडे काठी टाकली. टाकली म्हणजे नुसती दाखवायला. अजून काही ठरवलेलं नाही — असं मीच मला सांगतेय.

क्यू म्हणतात तिला. पूल म्हणजे बिलियर्डसारखा खेळ, त्याच्या टेबलावर चेंडू मारायची काठी. शनिवारी मुख्याध्यापकांच्या बैठकीसाठी नगरला गेले होते. येताना दिल्लीगेटजवळ एका जुन्या सामानाच्या दुकानाबाहेर कुठल्यातरी बंद पडलेल्या क्लबचं सामान मांडलेलं दिसलं. पिंपात आठ-दहा काठ्या उभ्या होत्या. एकीपाशी माझे पाय थांबले. हुबेहूब ह्यांच्या काठीसारखी. मुठीकडून वर चढत गेलेले चार काळे टोकदार पट्टे, मधोमध पितळेचे आटे, फिरवले की दोन तुकडे होतात.

फक्त ही झिजलेली. मुठीचं पॉलिश उडालंय, लाकूड पांढुरकं पडलंय. ह्यांची अशी नव्हती. हे तिला मऊ फडक्याने पुसून ठेवायचे, आरशासारखी चकचकीत.

घेतली. ह्यांना सांगितलं नाही. शाळेच्या कपाटात दोन दिवस ठेवली होती.

मिस्त्री म्हणाला, "घासून दोन हात मारले तर नवी करून दीन, बाई."

म्हटलं, नवी नको. जुनीच, पण नीट ठेवलेली दिसायला हवी.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.


४ नोव्हेंबर

आज लिहूनच टाकते. चौदा वर्षांत कुणाला सांगितलं नाही, वहीला तरी सांगावं.

ह्यांची काठी चोरीला गेलेली नव्हती. ती मी टाकली.

हे तेव्हा दूध संघात होते. सुटले की तडक स्टँडमागच्या क्लबात. सोबत गोरक्ष भाऊजी — सख्खे कुणी नव्हेत, ह्यांचे खेळातले जोडीदार. त्यांचं सायकलचं दुकान होतं. दोघांनी मिळून जिल्ह्याची स्पर्धा जिंकली. पेपरात रंगीत फोटो आला. हे काठी हातात धरून हसतायत. दुसऱ्या दिवशी शाळेत एका बाईंनी तो पेपर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर उघडला आणि विचारलं, "तुमचे मिस्टर क्लबात जातात का हो?" क्लब म्हटलं की तिथे सगळ्यांना पत्ते आणि दारूच दिसत होती. माझं नाव तेव्हा मुख्याध्यापिकेसाठी गेलेलं. मी हसले, काहीतरी बोलले. कान मात्र तापले होते.

त्याच आठवड्यात शनिवारी, सकाळच्या शाळेत, जुन्या वह्यांची रद्दी द्यायची होती. मी काठी जुन्या साडीत गुंडाळून घेऊन गेले आणि मागच्या फाटकाशी रद्दीवाल्याला दिली. त्याने उघडून बघितली. म्हणाला, ही तर चांगली आहे. म्हटलं, ने.

संध्याकाळी ह्यांनी घर उलटंपालटं केलं. मग मला विचारलं — घरी कोण आलं होतं?

मी म्हटलं, "गोरक्ष भाऊजी आले होते दुपारी."

खरंच आले होते. चहा घेऊन गेले. यात खोटं काय, असं मी स्वतःला कितीदा सांगितलंय! पण हे ऐकून ह्यांचा चेहरा कसा झाला ते मी बघत होते. बघूनही गप्प राहिले.


५ नोव्हेंबर

डोकं दुखतंय. मिस्त्रीकडे गेले नाही.


७ नोव्हेंबर, शुक्रवार

मिस्त्रीने विचारलं होतं, रंग नेमका कसा पाहिजे, फोटो आहे का. पेपरातलं ते कात्रण मी ठेवलंय. आज नेऊन दाखवलं. त्याने चष्मा लावून बघितलं, म्हणाला जमेल.

मी काय करायला निघालेय ते स्पष्ट लिहिते. काठी चकचकीत करायची. एक दिवस माळा आवरायला काढायचा. जुन्या गाद्यांमागून काठी काढायची आणि ओरडायचं — अहो, ही बघा कुठे होती! पण माळ्यावर पडून राहिलेली काठी झिजत नाही. म्हणून पॉलिश हवं.

असं झालं तर भाऊजींवरचा आळ जाईल. हे त्यांना फोन करतील. निवृत्त झाल्यापासून हे दिवसभर खुर्चीत बसून टीव्ही बघतात, ते कदाचित उठून बाहेर पडतील. कुणाचंच वाईट होणार नाही. माझंही नाही.

हे शेवटचं वाक्य लिहून बराच वेळ बसले होते.


८ नोव्हेंबर

एक राहिलं. तेही लिहायला हवं.

ह्यांनी तेव्हा चार माणसं घेऊन भाऊजींच्या दुकानात झडती घेतली. भर बाजारात. काही सापडलं नाही. सापडणार कसं? पण लोक म्हणाले, विकली असेल. क्लबाने त्यांचं येणं बंद केलं. दुकानावर पोरं "चोर" लिहून जायची.

तेव्हा त्यांच्या मिसेस, बनुबाई, आमच्या घरी आल्या होत्या. सोबत मुलगी, सृष्टी. माझ्याच वर्गात होती, चौथीत. हे घरी नव्हते. बनुबाई दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा, आमचा मानूस असं करंल का? तुमाला काई ठाव हाय का त्या काठीचं?"

मी म्हटलं, "नाही हो. मला काहीच माहीत नाही."

आत या, असंसुद्धा म्हटलं नाही. मुलगी आईच्या पदराआडून माझ्याकडे बघत होती.

पुढच्या महिन्यात दुकान बंद करून ती माणसं नेवाशाला गेली. सृष्टीचा दाखला मीच लिहिला. अक्षर चांगलं आलं होतं.


९ नोव्हेंबर, रविवार

हे श्रीरामपूरला साखरपुड्याला गेले होते, संघातल्या जुन्या सोबत्याच्या मुलीच्या. रात्री परत आले. जेवताना सांगितलं की तिथे गोरक्ष दिसला. पंगतीत समोरासमोर आले. हे बसले तसा तो भरल्या ताटावरून उठून निघून गेला.

"अजून लाज वाटते त्याला," हे म्हणाले. मग जरा थांबून, "म्हातारा झालाय गं. फार वाळलाय."

माझ्या हातातली पोळी तव्यावरच करपली. हे म्हणाले, लक्ष कुठंय तुझं?


१० नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर मिस्त्रीकडे. त्याने शेवटाकडची चार बोटं जागा घासून नमुना करून ठेवला होता. रंग तंतोतंत. फोटोशेजारी धरला तर फरक कळेना.

पण तो स्वतः काम पुढे न्यायला तयार दिसेना. मूठ माझ्या हातात दिली, म्हणाला, अंगठा इथं ठेवा. ठेवला. लाकडात उथळ खोलगा होता, अंगठा आपसूक बसला. बाहेरून दिसतही नाही.

तो म्हणाला, "ही झीज पॉलिश पेपरनं आलेली न्हाई, बाई. कुनीतरी लई वर्सं धरलीय हिला. मी ती काढून टाकीन, पर मग परत आनता येनार न्हाई. एकदा इचार करा."

उद्या सांगते म्हणून निघाले. कोण असेल तो माणूस? ज्याची झीज मी पुसणार आणि तिथे माझ्या नवऱ्याचा हात होता असं सांगणार. एक खोटं झाकायला किती जणांना पुसायचं?


१२ नोव्हेंबर, बुधवार

काठी परत आणली. पॉलिश नको म्हणून सांगितलं. नमुन्याची चार बोटं तेवढी चमकतायत, बाकी तशीच.

मिस्त्रीने काठी फडक्यात गुंडाळली. कात्रण घडी घालून परत दिलं.

आता पुढचं — ह्यांना सांगायचं.


१३ नोव्हेंबर

जमलं नाही. हे क्रिकेट बघत होते.


१४ नोव्हेंबर

शाळेत बालदिन. प्रार्थनेनंतर मुलांपुढे बोलायची पाळी माझी. दरवर्षीचं भाषण — खरं बोलावं, चूक झाली तर कबूल करावी. दोन वाक्यांनंतर घसा बसल्याचं सांगून खाली बसले. एका मुलीने पाण्याची बाटली आणून दिली. तिच्याकडे बघवेना.


१६ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं.

दुपारी, जेवणं झाल्यावर. काठी दिवाणावर ठेवली. ह्यांना वाटलं मी भेट आणलीय. इतकी वर्षं झाली, पण दोन्ही तुकडे हातात घेऊन आटे फिरवताना बोटं जराही अडखळली नाहीत. डोळ्यांसमोर आडवी धरून सरळ आहे का ते बघितलं. अंगठा त्या खोलग्यात बसला तसे हसले. "कुणीतरी चांगला खेळणारा होता," म्हणाले. "कुठे मिळाली? अगदी माझ्यासारखी."

मी उभ्यानेच सांगितलं. रद्दीवाला, साडी, स्टाफरूम, सगळं. पॉलिश करून माळ्यावर सापडल्याचं नाटक करणार होते, तेही.

काठीचं त्यांनी काही विचारलं नाही. एकच विचारलं — "गोरक्ष येऊन गेला, हे मला का सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत, कोण आलं होतं म्हणून."

"आणि मी त्याच्या दुकानात गेलो तेव्हा तू कुठे होतीस?"

"घरीच."

त्यांनी आटे उलटे फिरवले. दोन तुकडे केले. दिवाणावर शेजारी शेजारी ठेवले आणि चप्पल घालून बाहेर गेले.


१७ नोव्हेंबर

हे बोलत नाहीत. जेवले. ताट स्वतः धुतलं.


१८ नोव्हेंबर

तेच. काठीचे तुकडे जिथल्या तिथे. मी झाडताना बाजूने झाडते.

मला वाटायचं, सांगितलं की हलकं वाटेल. तसं काही होत नाही. आधी फक्त मला माहीत होतं, आता ते समोर बसून जेवतंय.


२० नोव्हेंबर, गुरुवार

आज बोलले. मी डबा भरत होते. म्हणाले, रविवारी नेवाशाला जाऊ. मी म्हटलं, तुम्ही कशाला, चूक माझी. मी एकटी जाते.

"तू बोलली नाहीस," हे म्हणाले. "पण चोर मी म्हणालो त्याला. चार माणसांसमोर. वीस वर्षांचा जोडीदार, एकदा तरी नीट बसून विचारायचं होतं. नाही विचारलं."

त्यांचे डोळे भरले होते. लग्नाला एकतीस वर्षं झाली, आजवर मी ते बघितलं नव्हतं. आणि ते आज बघतेय ते माझ्यामुळे.


२३ नोव्हेंबर, रविवार

नेवाशाहून आलो. सकाळच्या गाडीने गेलो होतो, श्रीरामपूरला बदलून.

भाऊजींची पिठाची गिरणी आहे. रस्त्यालाच. आम्हाला बघून त्यांनी पट्टा थांबवला. क्षणभर वाटलं, शटर ओढतील. पण खुर्चीवरचं पीठ हाताने झटकलं आणि ती ह्यांच्याकडे सरकवली. हे बसलेच नाहीत. तोंड उघडायचे आणि मिटायचे. शेवटी हात जोडून तसेच उभे राहिले.

म्हणून मीच बोलले. बनुबाईही येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी काही सोडलं नाही. त्या दारात आल्या होत्या तेव्हा मी काय म्हणाले, तेही.

बनुबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. भाऊजी जमिनीकडे बघत होते. भुवयांवर, केसांवर पीठ. खरंच फार वाळलेत. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि द्याव्यात असं मनापासून वाटत होतं.

त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. म्हणाले, "वहिनी, मला काय व्हायचं ते हून गेलं. लोकांचं म्या कवाच सोडून दिलं. पर माजी पोर... तवापासून माज्याशी कामापुरतं बोलती. समद्या गावानं म्हनलं, त्याचं काई न्हाई. तिला बी तसंच वाटतं, त्येच लागतं. तिला तुमी सांगाल का? तुमी तिच्या बाई हुत्या."

सृष्टी आता पुण्यात नर्स आहे. त्यांनी नंबर दिला. मी पर्समधल्या कात्रणाच्या मागे लिहून घेतला, दुसरा कागद नव्हता.

निघताना ह्यांनी भाऊजींचा हात धरला. भाऊजींनी सोडवून घेतला नाही. धरलाही नाही.


२४ नोव्हेंबर, सोमवार

शाळेत जायच्या आधी सृष्टीला फोन केला. सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "बाई, मागच्या फाटकाशी तुम्ही रद्दीवाल्याला काठी देताना मी बघितलं होतं. पण आईने विचारलं तेव्हा तुम्ही माहीत नाही म्हणालात. बाई खोटं कशाला बोलतील? मग मला वाटलं, मलाच चुकीचं दिसलं असणार. आणि पप्पांनीच घेतली असणार."

मी म्हटलं, "तुला बरोबरच दिसलं होतं."

तिने विचारलं, "पप्पा आत्ता गिरणीवर असतील का?"