उशाशी स्टूल

नवागाम, सुरत
११ जानेवारी १९९६

चि. सौ. रंजनास दादाचा आशीर्वाद. वि. वि. काशीराम आज अमळनेरला निघालाय, त्याच्या हाती हे देतो.

आपल्या पंडितच्या ताराचं सोमवारी ऑपरेशन झालं. आतड्याचा पीळ सोडवला. टाके ठीक आहेत, पण आतडी चालू होत नाहीत. डॉक्टर रोज विचारतात, वारा सरला का. तोवर घोटभर पाण्याखेरीज काही नाही. तिला बसवा, चालवा, पॅसेजमध्ये फेऱ्या मारायला लावा, म्हणतात. पण ही बया चादर तोंडावर ओढून, भिंतीकडे वळून पडलेली! पोट टम्म फुगलंय. आज उलटी झाली. उद्या नाकातून नळी घालणार, आणि तरी जमलं नाही तर पुन्हा पोट उघडावं लागेल म्हणे.

चलथाणला साखर कारखान्याचा हंगाम, पंडितला सुट्टी नाही. म्हणून मी लूमवर रजा टाकून दिवसभर तिच्या उशाशी स्टुलावर बसतो, जागचा हलत नाही. आता तूच तिला चार शब्द सुनाव.

तुझा,
वाल्मिकदादा

अमळनेर
१२ जानेवारी

ती. दादांस सा. न. वि. वि.

शब्द सुनावते, पण तुम्हाला. तुम्ही तिचे थोरले दीर. लग्नाला सतरा वर्षं झाली, तुमच्यासमोर ती कधी खाटेवर तरी बसली का? तुम्ही घरात आलात की ती स्टोव्हकडे तोंड करते. आणि आता तुमच्यादेखत डॉक्टर वाऱ्याचं विचारतात! आला तरी दाबून धरत असेल बिचारी. दवाखान्याच्या झग्यात, पोट धरून ती तुमच्यासमोरून चालेल कशी?

मायेनेच बसलात, ठाऊक आहे मला. पण उठा, दादा. शेजारच्या शोभाबाईला तिथे बसवा आणि खाली जाऊन हवा तेवढा चहा प्या.

राग नसावा, लोभ असावा.
रंजना

नवागाम
१८ जानेवारी

चि. सौ. रंजनास आशीर्वाद. वि. वि.

काशीरामच्या हाती तुझं पत्र मिळालं तेव्हा नळी घालून झाली होती. तसाच उठलो. शोभाबाईने पहिल्या दिवशी तिला दाराशी नेलं, दुसऱ्या दिवशी पॅसेजच्या टोकापर्यंत. सोमवारी शोभाबाईनेच गॅलरीतून ओरडून वारा सरल्याची बातमी अख्ख्या गल्लीला दिली. चहावाला मगन हसला, मीही हसलो, आणि तिथेच रडू फुटलं. नळी निघाली. आज ताराने पातळ खिचडी खाल्ली.

माझी लाज धरून ती इतके दिवस कण्हत राहिली, आणि मी मात्र स्वतःलाच शाबासकी देत बसलो होतो. फार चुकलो गं.

काल जिन्यातून ताराला पाहिलं. तिला मी दिसत नव्हतो. डोकं उघडं, शोभाबाईच्या धाकाने ताठ चालत होती. रंजना, तारा चांगली उंच आहे. सतरा वर्षं एका खोलीत राहून मला ते माहीत नव्हतं.

कळावे. माया आहेच, आता ती जरा लांबून करीन.

तुझा,
वाल्मिकदादा