हागारेच्या देवा

प्रिय पप्पा,

तुम्हाला जाऊन काल वर्ष झालं. गाझियाबादच्या घरी आईनं प्रार्थना ठेवली होती. तिथे जे ऐकलं, त्यानंतर तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहितेय.

आपलं भांडण आठवतं? मी सोळा वर्षांची होते. संध्याकाळी पाळीपाळीने बायबल वाचताना हागार माझ्या वाट्याला आली. अब्राहामाच्या बायकोची, सारेची दासी. अब्राहामाला तिच्यापासून मुलगा झाला, आणि पुढे थोडी भाकर नि पाणी देऊन त्याने त्या दोघांना रानात घालवून दिलं. मी पुस्तकच मिटलं.

"दिल्लीच्या जूनमध्ये आपण कामवालीला पोरासकट असं हाकललं तर? आणि हा म्हणे विश्वासणाऱ्यांचा पिता!"

"बेटा, त्या काळाला आजचे नियम लावू नकोस."

झालं, तुमचं सरकारी उत्तर! मी आणखी चिडले. "मग रोज प्रार्थनेत अब्राहामाच्या, इसहाकाच्या, याकोबाच्या देवा म्हणता, तो हागारेचा नव्हता? रानात तिला विहीर कुणी दाखवली?"

त्यानंतर लग्न होऊन नोएडाला जाईपर्यंत मी प्रार्थनेला बसले नाही. तुम्ही रोज दारावर टकटक करायचात, "चलो, येतेस?" मी कानात इयरफोन घालून अभ्यासाचं सोंग करायचे. कशी वागले मी, पप्पा! दामटून का नाही बसवलंत?

काल आईनं डोळे मिटून सुरुवात केली, "अब्राहामाच्या, इसहाकाच्या, याकोबाच्या आणि हागारेच्या देवा..."

"आई, हे काय?"

"अगं, ते रोज असंच म्हणायचे. तुमच्या भांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून. मला वाटलं, तुला आत ऐकू येत असेल."

एका भिंतीपलीकडे होते हो मी! एकदा तरी सांगायचंत. की मी आपणहून बाहेर येईन, याची वाट पाहत होतात? मला फार रडू आलं.

तेवढ्यात माझ्या मिनीनं विचारलं, "मम्मा, ये हागार कौन है?" सगळी गोष्ट सांगितली. नऊ वर्षांची पोर, तिनं विचार केला आणि म्हणाली, "अब्राहामने सॉरी बोला क्या?"

तुमचंच वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, त्या काळाला वगैरे. कसंबसं गिळलं. मला माहीत नाही, एवढंच तिला सांगितलं.

आता आमच्याकडेही रोज प्रार्थना होईल, तुमच्याच शब्दांत. आणि मिनी कधी माझ्यासारखी रुसून आत जाऊन बसलीच, तर मी इतक्या मोठ्याने म्हणेन की तिला दाराआड ऐकू गेलंच पाहिजे.

तुमची भांडखोर,
रूथ