एकच नवा टायर

ईस्ट ॲल्बरी, व्हरमाँट
२२ एप्रिल

प्रिय लोइस,

तुझं फेब्रुवारीतलं पत्र मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला. मी बरा आहे. तुझा गुडघा आता कसा आहे? इथे बर्फ वितळलं, पण रस्त्यांचा नुसता राडा झालाय. मेपलचा पाक यंदा कमीच निघाला.

मार्जरीला मेच्या दुसऱ्या शनिवारी पुरायचं ठरलंय. जमीन अजून खाली गोठून कडक आहे. तोवर ती हिवाळ्यात गेलेल्या बाकीच्यांबरोबर दफनभूमीच्या दगडी खोलीत आहे. त्या दिवशी मी आले तर चालेल का, असं तू विचारलं होतंस. त्याकडे येतो.

आधी गाडीचं सांगतो. मार्जरीची हिरवी गाडी मार्चपासून वळणावर अडखळत होती. दुकानासमोर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की मागून कुणी धरून ठेवल्यासारखी हिसके द्यायची. चारही चाकांना जोर देणारी गाडी ती. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखी फिरत नाहीत. तो फरक मधला डिफरन्शियल सोसतो. तोच झिजून आवळून बसला होता. दफनभूमीची चढण चिखलात माझ्या पिकअपला जमत नाही, म्हणून ही रोलंड थिबोच्या गॅरेजात नेली.

गाडी वर उचलून रोलंड म्हणाला, "ॲल्डन, आपल्याकडच्या गाड्या म्हातारपणानं मरत नाहीत हो, रस्त्यावर बर्फासाठी टाकलेलं मीठ खाऊन गंजून मरतात. द्या भंगारात!"

"दफन होऊ दे," मी म्हणालो.

मग त्यानं चाकांवरून हात फिरवला. "तीन टकले आणि एक केसाळ. असे टायर एकत्र पळवले की मधल्याचं मरण ठरलेलं. मी बजावलं होतं तिला."

"कधी?"

"नोव्हेंबरात. तुम्ही हरणांच्या शिकारीला गेला होतात, तेव्हा. हॉस्पिटलातून परतताना टायर फाटला होता. मी म्हटलं, चारही बदल गं बाई, नाहीतर मोठा खर्च काढशील. तर म्हणाली, 'एकच घाल. चार झिजवायला मी कुठे असणार आहे? आणि माझ्यामागं ॲल्डन ही गाडी ठेवतोय थोडाच!' हसत होती. तिची बहीण लोइस मात्र गाडीत बसून रडत होती." मग त्यानं हात पुसले. "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

मी हो म्हणालो.

त्यानं गिअरबॉक्सचं तेल काढलं, मागचा भाग उघडला आणि एका मोडीतल्या गाडीचा डिफरन्शियल त्यात बसवला. जुना माझ्या हातात दिला. बराच जड होता. चारही टायर एकाच जातीचे घातले. नंतर मी चर्चच्या आवारात गोल गोल फिरून पाहिलं. गाडी कुठेही अडत नाही.

तिचा आजार मला नाताळानंतर कळला. तोवर ती पाठदुखी म्हणत होती आणि मी तिला शेकायची पिशवी गरम करून देत होतो. तिनं शिकारीचा हंगाम मला सुखानं घेऊ दिला, असं धरून चालतो. तुला गप्प राहायला तिनंच सांगितलं असणार. तिच्यापुढे तुझं कधी चाललं नाही.

जानेवारीत चर्चमध्ये तिच्या अंत्यप्रार्थनेला तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मला ते लागलं होतं. म्हणून तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. दुसरं कारण नव्हतं.

तर तू ये. शुक्रवारच्या बसनं आलीस तर थांब्यावर मी असेन. पुढची खोली झाडून ठेवतो. बूट चिखलात चालतील असे आण. नोव्हेंबरातल्या त्या आठवड्यात ती माझ्याबद्दल काय बोलली, ते मी आपणहून विचारणार नाही. पण तू सांगितलंस तर मी ऐकेन, अर्धवट सांगू नकोस मात्र.

अजूनही तुझा मेहुणा,
ॲल्डन