प्रयागबाईच्या एकशे बारा ओव्या

पुणे,
ता. १२ फेब्रुवारी १९३८

ती. रंगूकाकीच्या पायांवर डोकं ठेवून रावजीचा नमस्कार. अप्पांनाही सांग.

इकडे ठीक आहे. तू बांधून दिलेले शेंगांचे लाडू खोलीतल्या दोघांनी चार दिवसांत संपवले, मला तीनच मिळाले. पानमळ्याला पाणी मिळतंय ना? हे पत्र तुला वाचून दाखवायला मी शाळेतल्या मास्तरांना, आपल्या जोतीरामला, पुन्हा त्रास देतोय, पण निमगावात माझं अक्षर त्याच्याशिवाय कुणाला लागत नाही.

दिवाळीत तू दळत होतीस आणि मी जात्याजवळ वही घेऊन बसलो होतो. अप्पा म्हणाले, "पुण्याला जाऊन ह्येच शिकला व्हय? बायांचं बोलणं मोजाया?" थट्टा होती, पण काम खरंच तेच आहे. विद्यापीठाच्या प्रबंधासाठी मला एक गणिताचे सर आहेत आणि एक मराठीचे. मराठीचे म्हणतात, ओवीतला जीव बघ. गणिताचे म्हणतात, आधी शब्द मोज. दोघांच्या मध्ये माझं भरीत झालंय.

मोजायचं ते असं. मोठे शब्द कुणीही ठरवून घालतं. पण 'बाई', 'गं', 'कशी' असले बारके शब्द गाणारीच्या तोंडी आपोआप येतात आणि प्रत्येकीचं प्रमाण वेगळं असतं. म्हणून तीन वह्या केल्या: शेजारच्या मुक्ताबाईची, तुझी आणि आईची. आईच्या एकशे बारा ओव्या सांगताना तू म्हणालीस, "ह्या प्रयागच्या हायेत. म्या निस्त्या ध्यानात ठिवल्या." मी तसंच लिहून घेतलं.

जोतीराम, इथून पुढचं मनातच वाच. पत्र ऐकायला आळी जमली असेल आणि अप्पा ओट्यावर असतील.

हजार शब्दांत मुक्ताबाईच्या तोंडी 'बाई' नऊ वेळा येतं. काकीच्या वहीत एकेचाळीस. आईच्या वहीत चाळीस. बाकीचे शब्दही तसेच जुळतात. मी तीनदा मोजलं. सर म्हणाले, दोन्ही वह्या एकीच्याच. मी भांडलो. म्हटलं, दोघी जावा दोन वर्षं एकाच खुंट्याला हात लावून दळत होत्या, एकीची सवय दुसरीला लागली असेल. ते म्हणाले, असेलही, एवढं आकड्यांना सांगता येत नाही. मला फार बरं वाटलं.

मग परवा आईच्या वहीतली ती ओवी पुन्हा उतरवली, जी ऐकत मी लहानपणी जागा व्हायचो:

भुवईवरी खोक, बाई, चंद्राची ती कोर
पानमळी पडला माझा रावजी चकोर

माझा हात भुवईवरच्या खुणेवर गेला. मळ्यात पडलो तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आई गेली तेव्हा चौदा महिन्यांचा. सोळा वर्षं ही ओवी ऐकतोय आणि हा साधा हिशेब सुचला नाही, आणि म्हणे मी गणिताचा!

काय करावं, समजत नाही. प्रबंध महिनाअखेर द्यायचाय. आईचं नाव घातलं तर खोटं. काकीचं घातलं तर अप्पांचं काय? पहाटे जातं सुरू झालं की ते ओट्यावर येऊन बसतात, ते आपल्या गेलेल्या बायकोला, माझ्या आईला ऐकायला. आणि माझं काय? आईचा फोटो नाही, काही नाही, माझी आई म्हणजे त्या एकशे बारा ओव्याच. राग येतो, मग रडू येतं, आणि राग कुणाचा तेही कळत नाही. काकीनं मला फसवलं का वाढवलं? का दोन्ही?

नाही, जोतीराम, मनात ठेवू नकोस. अप्पा मळ्यात गेले, आळी पांगली, की तिला एकटीला सगळं वाचून दाखव.

काकी, नावाची जागा कोरी ठेवलीय. तू सांगशील ते लिहीन. प्रयाग म्हणालीस तर प्रयाग, मग सर नापास करेनात का. रंगू म्हणालीस तर अप्पांना मीच येऊन सांगेन. पण मला मात्र आता खरं सांग.

शेवटी सवयीनं 'तुझा पुतण्या' लिहिलं होतं. ते खोडलंय. जोतीराम, खोडलंय हेही तिला वाचून दाखव.

तुझा मुलगा
रावजी