नळावर लढवलेली निवडणूक

तारापूर, फेब्रुवारी १९८४

तीर्थरूप नामदेवमामा,

भाचा वामन याचा दंडवत. मामींचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळे खुशाल आहोत, फक्त मी पंचायतीच्या निवडणुकीत पडलो. (बातमी तुमच्या माकुणसारला पोचली असेलच. माणूस निवडून आल्याची बातमी एवढ्या लवकर पोचत नाही.)

आमचे सरपंच दामूशेठ गेली पंधरा वर्षं किनाऱ्यावर नळ आणतायत. पाइप आले, ते पुरायचे राहिले. (त्यातल्या एकात आमच्या कुत्रीने दोनदा पिल्लं घातली.) वत्सला लग्न होऊन आल्यापासून अजून टेकाडापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणते आणि तिची कंबर पार गेली आहे, म्हणून मी दामूशेठच्या विरोधात उभा राहिलो. बोईसरच्या कारखान्यात कारकुनी केल्यामुळे मला वाटलं, लोकांना नीट समजावून सांगितलं की झालं. किनाऱ्यावर सभा लावली, ती नेमकी भरतीला. (कारखान्याचा भोंगा धरून वेळ ठरवली, समुद्राला विचारलंच नाही. कोळ्याच्या पोटी जन्मून ही अक्कल.) मी नळाचं सुरू केलं आणि होड्या आल्या. होडी वर ओढताना किनाऱ्यावर जो असेल त्याने खांदा लावायचा, ही आपली रीत. सगळी सभा उठून पाण्याकडे धावली. मी एकटा माइक धरून उभा, कारण अंगात नवी टेरिकॉटची पँट. तिकडे दामूशेठ धोतर खोचून गुडघाभर पाण्यात. शकूमावशी जाताजाता म्हणाली, "त्यानं नल नाय आनला, पन हात तरी लावतो. तू नुसता बोलतोस." माझी निवडणूक तिथेच आटोपली. फार वाईट वाटलं, मामा.

निकालानंतर दामूशेठ सांत्वनाला घरी आले. चहापुरतंही पाणी नव्हतं, म्हणून वत्सला हंडा घेऊन निघाली. त्यांनी तो तिच्या हातून घेतला आणि स्वतः विहिरीवर गेले. परतले ते भर आळीतून, खांद्यावर हंडा आणि सदरा चिंब. शेजारची काशीबाई, जिची उभी हयात त्याच विहिरीवर गेली, डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "कोन करतंय रं येवढं?" नळ आणला असता तर हे करावं लागलं नसतं, असं मी म्हणणार होतो. पण तोवर चहा झाला, आणि चांगला झाला होता.

मामींना नमस्कार.

तुमचा,
वामन

ता. क. दामूशेठ आता जिल्हा परिषदेला उभे आहेत. माकुणसारात तुमच्या शब्दाला वजन आहे, तेवढं त्यांचं बघा. भाषणं मीच करतोय, या खेपेला भरती बघून.

आणखी एक. त्यांना नळाचं विचारावं असं मनात होतं. पण वत्सला म्हणते, ज्या माणसाने आपल्या घरी पाणी भरलं त्याला नळाचं कोणत्या तोंडाने विचारायचं? मलाही पटलं. ती आत्ता विहिरीवर गेली आहे. आली की पत्र पेटीत टाकायला तिलाच पाठवतो.